साचा, श्वास आणि संगणक: किशोरांसाठी जादूची साहसकथा कशी रचावी

तेरा-चौदा वर्षांच्या वाचकांसाठी जादू आणि संगणक यांची सांगड घालणारी साहसकथा मी पहिल्यांदा लिहिली, तेव्हा एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ती समासात एकच वाक्य लिहून परत पाठवली: ‘तुमच्या नायकाच्या हातात लॅपटॉपऐवजी कंदील दिला तरी गोष्टीत काही फरक पडत नाही.’ वाक्य झोंबले, पण खरे होते. माझ्या कथेतला मुलगा कीबोर्ड बडवत असे, पडद्यावर हिरवी अक्षरे धावत असत आणि मग भुयाराचे दार उघडत असे. ते का उघडले, हे त्याला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. या प्रकारात नव्याने लिहू पाहणाऱ्यांचे तसे होऊ नये म्हणून, त्यानंतर मी ज्या क्रमाने काम करू लागलो तो क्रम येथे मांडत आहे. उदाहरणादाखल मुंबईत घडणारी माझी एकच गोष्ट शेवटपर्यंत वापरली आहे, कारण सुटे सुटे नियम वाचून कुणाला कथा रचता आल्याचे मी पाहिलेले नाही.

पहिली पायरी: पात्रांच्या आधी जादूचा नियम

जादू आणि संगणक यांच्यात दिखाऊ साम्ये पुष्कळ सापडतात, पण कथेला उपयोगी पडणारे साम्य एकच आहे. दोघेही सांगणाऱ्याचा हेतू पाहत नाहीत, सांगितलेले तेवढेच पाहतात. प्रोग्रॅममध्ये एक चिन्ह इकडचे तिकडे झाले तर यंत्र अडून बसते किंवा भलतेच काम करते. मंत्राचेही तसेच असल्याची एक जुनी गोष्ट आपल्या परंपरेत आहे. इंद्राला मारणारा पुत्र मिळावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला, परंतु ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकला. त्यामुळे ‘इंद्राला मारणारा’ या अर्थाऐवजी ‘इंद्र ज्याला मारणार आहे तो’ असा अर्थ झाला आणि जन्मलेला वृत्र इंद्राच्या हातून मेला. शब्द तोच, अक्षरे तीच, फक्त आघात वेगळ्या जागी. प्रोग्रॅममधली चूक म्हणजे काय, हे नववीच्या मुलाला समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: जादू कशाने चालते, कशाने बिघडते आणि तिच्यासाठी काय मोजावे लागते. यांतली एकही मोघम राहिली तर पुढे प्रत्येक अडचणीत लेखक स्वतःच्या सोयीने नवी शक्ती काढू लागतो आणि वाचक पुस्तक मिटतो.

नियम शोधायला परदेशी छडी आणि झगे धुंडाळण्याची गरज नाही. शाळेत लघू-गुरूच्या खुणा करून वृत्त ओळखायला आपण सगळेच शिकलेलो असतो. ऱ्हस्व अक्षर लघू, दीर्घ अक्षर गुरू; तीन अक्षरांचा एक गण; आणि दोन शक्यता तीन जागी मांडल्या की गण आठच होतात, ते ‘यमाताराजभानसलगं’ या एका सूत्रात बसवलेले आहेत. छंदःशास्त्र रचणाऱ्या पिंगलाने लघू-गुरूंच्या सर्व शक्यता ओळीने मांडण्याची रीत सांगितली होती. लघूला शून्य आणि गुरूला एक म्हणा, की हाच संगणकाचा द्विमान हिशेब झाला. भुजंगप्रयात हे वृत्त घ्या, ज्यात रामदासांचे मनाचे श्लोक आहेत आणि जे मराठी घरांत अर्थ कळण्याच्या आधी कानात बसते. त्याच्या चरणात चार ‘य’ गण असतात, म्हणजे ०११ ०११ ०११ ०११.

माझ्या गोष्टीत जादू या आकृतीने चालते. शब्दांच्या अर्थाशी तिला काही देणेघेणे नाही. ‘मुलांनी दिवा लावला गॅलरीत’ हे वाक्य मोजून पाहावे. मु लघू, लां गुरू, नी गुरू. दि लघू, वा गुरू, ला गुरू. व लघू, ला गुरू, गॅ गुरू. ल लघू, री गुरू आणि शेवटचा त खरे तर लघू, पण चरणाच्या अखेरीस असल्यामुळे गुरू धरायचा. चाळीतले साधे वाक्य, ज्यात मंत्राचा मागमूस नाही, ते चोख भुजंगप्रयातात बसते. ते म्हटल्यावर दिवा लागत नाही, तर अडकलेली लिफ्ट हलते. मुलांना ही विसंगती फार आवडते, असा माझा अनुभव आहे.

आता बिघाड. कथेतली सई घाईत ‘मुलांनी’ऐवजी घरच्या बोलीप्रमाणे ‘पोरांनी’ म्हणून जाते. पहिलेच अक्षर गुरू झाले, ‘य’ गणाचा ‘म’ गण झाला, आज्ञा बदलली. दुसरा बिघाड याहून सूक्ष्म आहे. जोडाक्षराचा आघात आला तर मागचे लघू अक्षर गुरू होते, म्हणून ‘पुष्प’मधला पु गुरू, परंतु ‘तुझ्या’मध्ये तसा आघात येत नाही, म्हणून तिथला तु लघूच राहतो. सईने फोनवर जो छोटासा प्रोग्रॅम लिहिला आहे, त्याला व्यंजन, हलन्त आणि पुढचे व्यंजन एवढेच दिसते, त्यामुळे तो दोन्ही ठिकाणी गुरू मोजतो. कानाला जे सहज कळते ते यंत्राला अक्षरांवरून कळत नाही. यंत्राला या मुलीची गरज का आहे, या प्रश्नाचे उत्तर मला येथेच मिळाले, आणि तुमच्याही नियमात अशी एखादी फट असली पाहिजे. सगळे काही यंत्रच करू शकत असेल तर नायिकेने घरी बसून अभ्यास केलेला बरा.

तिसरी गोष्ट किंमत. चरण एका श्वासात म्हटला पाहिजे, ही लहान किंमत. मोठी अशी, की एकदा वापरलेली आकृती पुन्हा चालत नाही आणि त्या आकृतीतली ओळ सईच्या आजीच्या तोंडून परत नीट निघत नाही. दिवेलागणीला आजी अडखळते, हसून वेळ मारून नेते आणि का अडखळलो हे तिला कळत नाही. जिवावर बेतणारी किंमत लावण्याचा मोह नवोदितांना होतो. रोज संध्याकाळी डोळ्यांसमोर दिसणारी किंमत वाचकाला जास्त बोचते, हे माझे मत आहे.

दुसरी पायरी: तंत्राचे खरे तपशील गोळा करावेत

संगणकाचे तपशील खरे असावेत, कारण वाचकाच्या वर्गात कुणीतरी प्रोग्रॅमिंग शिकत असतेच. शिवाय खरे तपशील कथानक पुरवतात. बारा अक्षरांच्या चरणात लघू-गुरूंच्या ४०९६ आकृत्या होऊ शकतात. शेवटचे अक्षर नेहमी गुरू धरले तर २०४८ उरतात. हा हिशेब करत असताना मला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला संगणक आठवला. निर्वात नळ्यांवर चालणारे हे यंत्र १९६० मध्ये पूर्ण झाले, १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफरॅक हे नाव दिले, आणि त्याची स्मृती २०४८ शब्दांची, म्हणजे माहिती ठेवण्याच्या तेवढ्या जागांची, होती. हा निव्वळ योगायोग आहे. पण कथालेखकाने असा योगायोग रस्त्यावर सापडलेल्या नाण्यासारखा उचलून खिशात टाकायचा असतो. माझ्या गोष्टीत कल्पना अशी केली, की यंत्र मोडीत निघाल्यावर त्याच्या स्मृतीचा एक सांगाडा चोरबाजारात पोहोचला, त्याची प्रत्येक जागा शहरातल्या एका आज्ञेशी बांधली गेली, आणि त्यांतल्या किती जागा आजवर कुणी वापरून संपवल्या आहेत हे कुणालाच माहीत नाही.

दुसरा तपशील गिरणगावाने दिला. गिरणीत मागाला साचा म्हणत आणि विणकामाच्या विभागाला साचेखाते. साडीची नक्षीदार किनार विणणाऱ्या मागावर डॉबी नावाचे यंत्र बसवलेले असे. त्याच्या लाकडी पट्टीतल्या भोकात खुंटी असेल तर ठरावीक दोरे उचलले जात, नसेल तर खालीच राहत. खुंटी आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. आज संगणकावर मराठीतून काम करणारी माणसे टेम्प्लेटलाही साचाच म्हणतात. सईच्या आजोबांनी माळ्यावर जपून ठेवलेली बारा भोकांची पट्टी म्हणजे एक चरण, हे मला सुचले ते या शब्दामुळे. तुमच्या कथेचा मध्यवर्ती शब्दही असाच मराठीतून मिळाला तर पाहावा. इंग्रजी शब्दाला ओढूनताणून केलेला प्रतिशब्द अशा वेळी कामाला येत नाही.

जुन्या मराठी फॉन्टची गंमतही लक्षात ठेवण्यासारखी आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी आपण जे मराठी टंकत होतो, ते फाइलीच्या पोटात रोमन अक्षरे म्हणूनच साठत असे, आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवत असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मुखवटा गळून पडे आणि समोर निरर्थक रोमन चिन्हांची रांग उभी राही. माझा एक संपूर्ण हस्तलेख असा राक्षस होऊन परत आला होता. तेव्हा संताप आला, पण पुढे तोच प्रसंग कथेत कामी आला: सईला मिळालेली फाइल वाचता येत नाही, कारण ती ज्या मुखवट्यासाठी लिहिली आहे तो शोधायला हवा.

तिसरी पायरी: पायी फिरून जागा ठरवाव्यात

मुंबईवर लिहिताना गेटवे, समुद्र आणि पाऊस एवढ्यावर भागवू नये. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्गावर, एक दुपार काढावी. सुट्या भागांची दुकाने, काउंटरवरच दुरुस्ती करणारा माणूस, ‘ओरिजिनल पाहिजे की चालेल असं?’ हा प्रश्न. वेसाव्याला जावे. कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात आणि त्याच वर्सोव्याच्या किनाऱ्यावर देशाबाहेरचे इंटरनेट आणणाऱ्या समुद्राखालच्या केबली जमिनीवर चढतात. दर्याची पूजा आणि काचेच्या तंतूंतून धावणारा प्रकाश इतके जवळजवळ असताना भुयार कल्पनेतून खणण्याची गरज काय?

या शहरात देव आणि स्थापत्य यांची गाठ पूर्वीच पडलेली आहे. वरळीची खाडी बुजवण्यासाठी घातलेला बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता, तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू स्थापत्यकाराला स्वप्नात समुद्रतळाच्या देवीमूर्ती दिसल्या, त्या वर काढल्यावर बांध टिकला आणि महालक्ष्मीचे देऊळ उभे राहिले, अशी आख्यायिका आहे. तुमची गोष्ट त्याच घराण्यातली आहे असे समजून लिहावे.

काळही नेमका धरावा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला तेव्हा सईचे आबा सत्तावीस वर्षांचे होते. हा हिशेब एकदा केला की आज त्यांचे वय काय, गुडघे कसे, माळ्यावर ते स्वतः चढतील की नातीला चढवतील, हे आपोआप ठरते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. असा दिवस साहसकथेला आयता मिळतो, फक्त त्या वेळी टाळेबंदीमुळे लोकलमध्ये सर्वसामान्य प्रवाशांना मुभा नव्हती, हे विसरून गाडी खचाखच भरू नये.

चौथी पायरी: माणसे आणि त्यांचे बोलणे

पात्रे थोडी ठेवावीत. नववीतल्या मुलीचा फोन बहुधा आईचा जुना असतो, त्याच्या काचेला तडा असतो आणि रात्री दहानंतर तो काढून घेतला जातो. ही बंधने जादूच्या नियमाइतकीच कामाची आहेत. मोठ्या माणसांना मूर्ख ठरवून मुलांना हुशार करू नये. खलनायकाबद्दल एवढेच सांगतो, की शिंगे असलेला व्हायरस आणू नये. उरलेल्या आकृत्या मोजून त्या विकू पाहणारा, गोड बोलणारा माणूस पुरतो.

निवेदन प्रमाण भाषेत ठेवले तरी संवाद घरातले असावेत. माझ्या मसुद्यातला एक तुकडा देतो.

‘आबा, ती पट्टी कुठं ठेवलीय तुम्ही?’

‘माळ्यावर, पितळी डब्यामागं. खुंट्या मोजून घे हां. एक चुकली तरी किनारीवर मोराचा कावळा व्हायचा. मुकादम मग अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा.’

सईने पट्टी पुसली. पहिलं भोक रिकामं, मग दोन खुंट्या. पुन्हा रिकामं, पुन्हा दोन. ती थबकली. आत आजी कुकरची शिट्टी काढता काढता काहीतरी पुटपुटत होती, आणि तिच्या तोंडातली ओळ जिथं जिथं लांबत होती, तिथं तिथं सईच्या बोटाखाली खुंटी येत होती.

या तुकड्यात जादू, मंत्र, कोड यांपैकी एकही शब्द नाही. नवोदितांनी पहिल्या दोन प्रकरणांत हे शब्द वापरायचेच नाहीत असे ठरवून पाहावे. काय घडते आहे ते दाखवण्यावाचून मग गत्यंतर राहत नाही.

पाचवी पायरी: कथानक, आणि ते मुलांकडून मोडून घेणे

कथानकाची आखणी सोपी आहे: नियम कळतो, नियम वापरून लहान काम साधते, नियम चुकून मोठे नुकसान होते, किंमत समजते, आणि शेवटी ती किंमत जाणूनबुजून मोजावी किंवा नाकारावी लागते. पहिल्या प्रयत्नाला दीड-दीड हजार शब्दांची आठ प्रकरणे पुरेत. शेवटच्या प्रकरणात नवा नियम आणणे पूर्णपणे वर्ज्य समजावे.

यानंतरची तपासणी बहुतेक जण टाळतात. जादूचा नियम एका पानावर लिहून तो दोन-तीन मुलांना द्यावा आणि ‘यातून पळवाट काढून दाखवा’ असे सांगावे. मी हे आमच्या वाचनालयात केले, तेव्हा सातवीतल्या एका मुलाने पाचच मिनिटांत विचारले, ‘शब्दांना अर्थ नाही, फक्त लांब-आखूड महत्त्वाचं, तर मग बोलायचं कशाला? शिट्टी वाजवून नाही चालणार?’ मी निरुत्तर झालो. आधी वाटले, नियमात मानवी आवाजाची अट घालून भोक बुजवावे. दोन दिवसांनी लक्षात आले, की मुलाने मला शेवट आणून दिला आहे. सईचा श्वास संपलेला असताना, बंद गिरणीच्या आवारात गंजत पडलेला भोंगा आबा सुरू करतात आणि आखूड-लांब, आखूड-लांब असा चरण वाजवतात. साऱ्या गिरणगावाला तो ऐकू येतो, आणि शिवाय ती ओळ आजीची नसते, आबांची असते, त्यामुळे किंमत कुणी मोजायची हेही बदलते. अशी पळवाट सापडली तर ती बुजवण्याआधी तिच्यावर एक रात्र झोपावे.

सहावी पायरी: पाठवणे

बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे, आणि दिवाळी अंकांतही किशोरकथांना जागा असते; मात्र दिवाळी अंकांचे काम पावसाळ्यातच सुरू होते, त्यामुळे कथा उन्हाळ्यात तयार असावी. चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा अनेक वर्षे चालू आहे, परंतु तिथे विज्ञान अपेक्षित असते. जादू असलेली कथा तिथे पाठवून परीक्षकांना दोष देऊ नये. फाइल युनिकोडमध्येच पाठवावी.

आणि एक कागद सोबत जोडावा. १९६२ च्या लेखननियमांनुसार शब्दाच्या अखेरचा इकार-उकार दीर्घ लिहितात, त्यामुळे जुन्या पोथीतला ‘गुरु’ आज ‘गुरू’ होतो, ‘गुरुदक्षिणा’ मात्र ऱ्हस्वच राहते. माझ्या कथेतल्या आजीच्या वहीत ‘गुरु’ होते, म्हणजे दोन लघू. त्यावरच सहावे प्रकरण उभे होते. मुद्रितशोधकांनी कर्तव्यदक्षतेने तिथे ‘गुरू’ केले. अंक बाजारात आल्यावर एका वाचक मुलाचे पोस्टकार्ड आले: त्याने सगळ्या ओळी खुणा करून मोजल्या होत्या आणि सहाव्या प्रकरणातली ओळ चालायलाच नको होती, असे त्याचे म्हणणे होते. तेव्हापासून मी कथेतल्या प्रत्येक चरणाखाली लघू-गुरूच्या खुणा केलेले वेगळे पान जोडतो आणि वर लाल शाईने लिहितो, ‘या बारा ओळींतले ऱ्हस्व-दीर्घ कृपया सुधारू नयेत.’